वाड्यातल्या ट्रंकेत जुनी फोटो पोस्टकार्डं सापडली, ओळखायची कशी आणि विकायची कुठे?

तुम्ही लिहिलंय की आजोळचा वाडा बिल्डरला दिलाय, माळा रिकामा करताना एका ट्रंकेत 150 च्या आसपास जुनी कार्डं निघाली, काही देवळांची-पुलांची, काही नुसती माणसांची, आणि रद्दीवाला सगळ्याचे मिळून 800 रुपये म्हणतोय. तर पहिलं म्हणजे आज त्याला देऊ नका. मी बरीच वर्षं बुधवार-रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात जातोय, पेठेतले वाडे रिकामे होतात तेव्हाही बोलावलं की जातो, आणि असे गठ्ठे किलोवर गेलेले बघितलेत, फार जीव तुटतो.

आधी फोटो कार्डं आणि छापील कार्डं वेगळी करा. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग घ्या, 10 पटीचं पुरतं, आणि कार्डातलं आकाश किंवा कुणाचा चेहरा बघा. पेपरातल्या फोटोसारखे ठिपके दिसले की ते छापील. ठिपके नाहीत, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंग सलग उतरत गेलाय, तर तो खरा फोटो, म्हणजे निगेटिव्हवरून थेट फोटो पेपरवर काढलेला, फक्त त्या पेपरच्या पाठीवर पोस्टकार्डाचा छापा असायचा. पण एक जुनी छपाईची पद्धत अशी होती की तीत ठिपके नसतात, बारीक सुरकुतल्यासारखे कण दिसतात, तिथे भलेभले फसतात. म्हणून दुसरी खूण बघा, कार्ड खिडकीपाशी तिरकं धरा, जुन्या फोटोत काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झाक येते. ती चांदीच असते, फोटोतली चांदी वर आलेली. शिवाय खाली पांढऱ्या अक्षरात हातानं नाव लिहिलेलं असेल तर बहुतेक फोटोच, कारण निगेटिव्हवर काळ्या शाईनं लिहिलं की प्रिंटवर ते पांढरं उमटतं.

मग कार्ड उलटं करा. पाठ बघितल्याशिवाय किंमत बोलायचीच नाही असा माझा नियम आहे. तिकीट चिकटवायच्या चौकोनात पेपरच्या कंपनीचं नाव असतं, वेलॉक्स, ॲझो, गेव्हर्ट, अग्फा वगैरे. ॲझोच्या चौकोनाच्या चारी कोपऱ्यातले त्रिकोण वर टोक करून असतील तर साधारण 1904 ते 1918, दोन वर दोन खाली असतील तर 1918 ते 1930 असं संग्राहक धरतात. पाठीवर मधोमध रेघ नसेल, फक्त पत्त्यालाच जागा असेल तर अजून जुनं, कारण इंग्लंडमध्ये 1902 पासून आणि अमेरिकेत 1 मार्च 1907 पासून पाठीवर मजकूर लिहायची परवानगी मिळाली, त्याआधी लोक चित्राच्या कडेला मोकळ्या जागेत दोन ओळी लिहायचे. तिकिटावर सातवा एडवर्ड राजा असेल तर 1902 नंतरचं, पाचवा जॉर्ज असेल तर 1911 नंतरचं, आणि नये पैसे लिहिलं असेल तर 1957 च्या एप्रिलनंतरचं. फक्त शिक्क्याची तारीख ही टाकल्याची तारीख, फोटो त्याआधी कितीतरी वर्षं काढलेला असू शकतो हे लक्षात ठेवा.

नवीन प्रिंट जुनी म्हणून विकणारेही आहेत. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च तपकीर गल्लीत मिळतो, अंधारात कार्डावर मारा, कागद निळा-पांढरा लख्ख चमकला तर तो 1950 च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायचं रसायन तेव्हापासून आलं. चमकला नाही म्हणून जुनाच असं मात्र समजू नका.

आता खरं महत्त्वाचं. लोकांना वाटतं जितकं जुनं तितके पैसे, तसं नाहीये. पैसे मिळतात ते कार्डात काय दिसतंय आणि ते कुठलं आहे हे छातीठोक सांगता येण्याचे. मला एकदा एका विक्रेत्याकडे एक कार्ड मिळालं, पाठीवर त्यानं पेन्सिलीनं ‘मुंबई मार्केट’ लिहिलेलं, 60 रुपये. घरी भिंगाखाली घेतलं तर पुढे बैलगाड्या, भोपळ्यांचा ढीग, एका बाईच्या डोक्यावर पाटी, आणि मागे मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेले कौलारू हात. मी लहानपणापासून आईबरोबर त्याच मनोऱ्याखाली भाजी घेतलीये, ती आपली पुण्याची मंडई, 1886 ची, तेव्हाचं रे मार्केट. नाव बरोबर लावून, दोन्ही बाजू स्कॅन करून विकायला टाकलं तर 2200 ला गेलं. कार्ड तेच, फक्त गाव सापडलं. म्हणून दुकानाच्या पाट्या, टांग्याची ठेवण, डोंगराची कड, सगळं बघत बसा, वेळ त्यालाच द्या. इंग्रजीत ‘पूना’, ‘किर्की’ (म्हणजे खडकी) असं लिहिलेली कार्डंही वेगळी काढा. छापील निघालेली फेकू नका, रविवर्मा प्रेसच्या रंगीत कार्डांना स्वतंत्र गिऱ्हाईक आहे.

काही गोष्टी अजिबात करू नका. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि सुटतो. तिकीट सोलून वेगळं विकायचं नाही, लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, एकमेकाला चिकटलेली कार्डं ओढायची नाहीत. पीव्हीसीच्या, वास येणाऱ्या अल्बमात ठेवू नका, पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या आणि आपल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर बुरशी धरते.

विकताना सगळा लॉट एकाला देऊ नका, चांगली 15-20 एकेक करून आणि उरलेली विषयवार गठ्ठ्यानं. भाव बघायचा तर ईबेवर ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावून बघा, लोक मागतात तो आकडा भाव नसतो. डेलकॅम्प या संग्राहकांच्या वेबसाइटवर तर जगभरचे कार्डवाले आहेत. पुण्यात नाणी-तिकिटांची प्रदर्शनं भरतात तिथे आधी नुसतं दाखवायला जा, तीन जणांना विचारा, पहिल्याच आकड्याला हो म्हणू नका. परदेशी पाठवायचं असेल तर 100 वर्षांपलीकडच्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू शकतो, ते आधी विचारून घ्या.

आणि ती नुसत्या माणसांची कार्डं. स्टुडिओत जाऊन घरच्यांचा फोटो पोस्टकार्डाच्या पेपरवर काढून घ्यायची तेव्हा पद्धतच होती, त्यामुळे त्यातली बरीचशी तुमच्याच घरातली असणार. बाजारात त्यांना फार पैसे नाहीत, पण विकायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकेक दाखवा, सांगितलेलं नाव पाठीवर मऊ पेन्सिलीनं लिहा, पेननं नको. तुमच्या मामी-मावशीतलं कुणी 80 च्या पुढचं असेल तर हे या रविवारीच करा, वाडा पाडायची वाट बघू नका. आणि पुलांच्या कार्डांच्या दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, लकडी पूल असेल तर मी लगेच सांगेन.