शिफ्ट सांभाळून रोज बायबल कसं वाचायचं?

प्रश्न : ताई, मी खानापूरचा, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. दर जानेवारीत वर्षात सगळं बायबल वाचायचं ठरवतो आणि त्यातल्या लेवीय या पुस्तकाला आलो की थांबतो. काय करू?

उत्तर : दादा, लेवीयला खूप जण थांबतात, अर्पणांचे आणि शुद्ध-अशुद्धचे नियम पहिल्यांदा वाचताना जडच जातात. आणि ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, वर्षात संपवायचे तर रोज तीनपेक्षा जास्त होतात, भट्टीजवळ दिवस काढून आल्यावर हे जमायचं कसं सांगा! वर्षाचा हट्ट सोडा. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक घ्या, १६च अध्याय, घटना भराभर पुढं जातात, रोज एक अध्याय पुरे. मग स्तोत्रं घ्या, पण ११९ वं १७६ वचनांचं आहे, त्यात आठ-आठ वचनांचे भाग आहेत तसंच थोडं थोडं वाचा.

शिफ्ट बदलते म्हणून घड्याळाची वेळ ठरवू नका, आंघोळ झाली की चहाआधी वाचन, मग शिफ्ट कुठलीही असू दे. बसमध्ये मोबाईलवर ऐकलं तरी चालतं, पण घरी छापील पुस्तकच घ्या, मोबाईल हातात आला की व्हॉट्सॲप उघडतंच. एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नका, त्यानंच माणूस कंटाळतो, सरळ आजचं वाचा.

आणि मुलं कन्नड मीडियमला असतील तर तोच भाग त्यांना कन्नडमधून मोठ्यानं वाचायला लावा, तुम्ही मराठीतून वाचा, घरात त्यावर बोलणं आपोआप सुरू होतं बघा.