गाड्यांची रहदारी टाळून युरोपात आठवडाभर सायकलने फिरायचं असेल तर कुठे जावं? फ्रान्सचा मिदी कालवा कसा आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आणि तेरा वर्षांची मुलगी, हाताशी एक आठवडा, रोज चाळीस-पन्नास किलोमीटरची तयारी, ट्रकच्या शेजारून सायकल चालवायची मात्र अजिबात नाही. मिदी कालव्याचे फोटो आवडलेत. तिथे जमेल का, आणि सायकली पुण्याहून न्याव्यात का?

मी तुलूजला नोकरीनिमित्त राहतो आणि सुट्टीच्या दिवशी बहुतेक वेळा याच काठावर असतो. माझं मत सरळ आहे. फोटो मिदीचे बघा, सायकल गारोन कालव्यावर चालवा.

तुलूज शहरात हे दोन कालवे एकमेकांना मिळतात. मिदी तिथून पूर्वेला भूमध्य समुद्राकडे जातो, सुमारे २४० किलोमीटर. गारोन कालवा वायव्येला बोर्दोच्या दिशेने जातो, १९३ किलोमीटर. मिदीचा मान मोठा आहे यात वाद नाही. प्येर-पोल रिके नावाच्या, मिठावरचा कर गोळा करणाऱ्या माणसाने चौदाव्या लुईच्या काळात तो मनावर घेतला. १६६६ ला राजाची मंजुरी मिळाली, १६८१ ला कालवा खुला झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधी वारला. १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे. पण वारसा पाहणं वेगळं आणि सामान लादलेली सायकल त्याच्या काठाने हाकणं वेगळं.

तुलूजहून निघालात की साधारण पन्नास किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे. मग जिल्ह्याची हद्द लागते आणि डांबर संपतं. पुढे कुठे चांगला मुरूम, कुठे नुसती पायवाट, कुठे झाडांची मुळं हाडं खिळखिळी करणारी. पाऊस पडून गेला असेल तर चिखल. काही पट्टे आता सुधारलेत, पण तुमचा पन्नास किलोमीटरचा दिवस तिथे ऐंशीचा वाटेल, आणि मुलगी तिसऱ्या दिवशी संपावर जाईल.

सावलीचंही तेच. फोटोतली ती दोन्ही बाजूंनी कमान करणारी प्लेन नावाची (आपल्या चिनारच्या जातीची) झाडं एके काळी ४२,००० होती. २००६ मध्ये त्यांच्यात एक बुरशी सापडली, जी झाड आतून सुकवते आणि जिच्यावर औषध नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती फ्रान्समध्ये आली असं मानतात. तेव्हापासून हजारो झाडं तोडून जाळावी लागली. नवी लावलीत, पण ती अजून पोरवयातली आहेत. जुलैच्या उन्हात असा उघडा पट्टा लागला की फोटोवरचा विश्वास उडतो.

आता गारोन. हा कालवा १८५६ मध्ये पूर्ण झाला आणि १८५७ मध्ये त्याच मार्गाने बोर्दो ते सेत रेल्वे सुरू झाली. पुढच्याच वर्षी कालवा चालवायलाही त्याच रेल्वे कंपनीकडे दिला गेला. मग काय होणार? माल रेल्वेने गेला, कालवा बसला. बिचाऱ्याचं नशीब फुटकं, पण आपलं चांगलं, कारण त्यामुळे आज काठावर निवांतपणा आहे आणि थोड्या थोड्या अंतरावर स्टेशन आहे. कुणी दमलं, कुणाचा गुडघा बोलायला लागला, तर सायकलसकट लोकल गाडीत चढा आणि पुढच्या गावी उतरा. (उन्हाळ्यात सायकलची जागा आधी बुक करावी लागते का, ते रेल्वेच्या साइटवर बघून ठेवा.) नवख्या कुटुंबासाठी ही सोय मला कुठल्याही देखाव्यापेक्षा मोलाची वाटते.

रस्ता म्हणाल तर पूर्वी नावा ओढणारे घोडे ज्या काठाने चालत, तोच. आता त्यावर डांबर आहे आणि मोटारींना बंदी. आपल्याकडचा कॅनॉल शेताला पाणी द्यायला असतो, हा नावांसाठी खोदलेला, म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने सपाट ठेवलंय. एका लॉकपासून (म्हणजे पाणी भरून किंवा सोडून नाव वरखाली करणाऱ्या, दारं असलेल्या हौदापासून) दुसऱ्या लॉकपर्यंत चढ शून्य. लॉकपाशी दोन-तीन मीटरचा छोटासा उंचवटा येतो, गियर बदलेपर्यंत संपतो.

लॉकपाशी मुलीला थांबू द्या. लॉकच्या थोडं आधी पाण्यावर आडव्या तारेला एक काठी लोंबत असते. नावेतला माणूस जाता जाता ती हाताने पिळतो, की दिवा लागतो आणि दारं आपोआप हलायला लागतात. मग नाव त्या दगडी हौदात शिरते, मागची दारं मिटतात, पुढच्या झडपा उघडतात, आणि पाणी इतकं उसळतं की भाड्याने नाव घेतलेले पर्यटक दोर धरून एकमेकांवर खेकसायला लागतात. दहा-पंधरा मिनिटांची फुकट करमणूक.

मी तुमच्या जागी असतो तर बोर्दोहून सुरुवात करून तुलूजला संपवलं असतं. त्या बाजूला वारा बऱ्याचदा पश्चिमेचा असतो, म्हणजे पाठीशी. तुलूजजवळ मात्र ओताँ नावाचा आग्नेयेचा वारा सुटला तर तो समोरून येतो आणि सपाटीवरही घाट चढायला लावतो. अंदाज बघून निघा. बोर्दोबाहेर पडताना जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलरस्ता आहे, १९३७ ची तूर द फ्रान्स जिंकलेल्या रोजे लापेबीचं नाव दिलेला. तो सोव्हतेर गावाशी संपतो. तिथून कालव्यापर्यंत द्राक्षमळ्यांतले छोटे गावरस्ते आहेत. आधीच सांगून ठेवतो, संपूर्ण प्रवासात गाड्यांची गाठ पडण्याचा मोठा टप्पा हाच. गाड्या मोजक्या असतात, चढउतार मात्र असतात. तेवढंही नको असेल तर ला रेओलपर्यंत रेल्वेने या आणि तिथून सुरू करा.

पुढे ल मास-दाजने हे टेकडीवरचं खेडं चुकवू नका. कालव्यावरून वर चढावं लागतं, सायकल ढकलत गेलात तरी चालेल. तिथल्या चर्चमध्ये रेम्ब्रांटने १६३१ मध्ये काढलेलं क्रुसावरच्या येशूचं चित्र आहे. रेम्ब्रांट, आणि एका खेड्यात! आजाँ शहरापाशी कालवाच पूल होऊन गारोन नदी ओलांडतो: तेवीस कमानी, अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबी, खाली नदी, वर नाव, आणि नावेच्या शेजारून तुम्ही. तिथे उतरून चाला. म्वासाकला मुक्काम करा. मठाचा चौक ११०० सालचा आहे, खांबाखांबावर कोरीव काम, आणि रेल्वेमार्ग टाकताना मठाचा काही भाग पाडला गेला तेव्हा हा चौक थोडक्यात वाचला. मोंतेशला दोन डिझेल इंजिनं पाण्याची अख्खी पाचर नावेसकट उतारावरून वर ढकलत, असं एक अजब यंत्र १९७४ मध्ये बसवलेलं आहे. आता बंद आहे, पण बघायला मिळतं.

खरं सांगायचं तर कंटाळाही येतो. सरळ पाणी, सरळ रस्ता, सरळ झाडं. तिसऱ्या दिवशी दुपारी माणूस लॉकचे आकडे मोजायला लागतो. म्हणून दिवसातून एकदा तरी काठ सोडून गावात शिरा.

खाण्याचं आधी ठरवा. गावातली दुकानं दुपारी बंद, रविवार दुपारपासून सोमवारपर्यंत बरीचशी बंदच, आणि हॉटेलात जेवण साधारण बारा ते दोन. अडीचला पोचलात तर कॉफीवर भागवा. शाकाहारी असाल तर जपून. हा बदकांचा मुलूख आहे, साध्या सॅलडमध्येही बदक निघतं. ‘सां व्हिआंद’ म्हणजे मांस नको, एवढं पाठ करा आणि वर ‘सां कानार’ म्हणजे बदकही नको, हे जोडा. आमचं दुपारचं जेवण बहुधा बागेत, चीज, टोमॅटो आणि लसणाची चटणी. पाणी संपलं तर गावाच्या कब्रस्तानात नळ असतो, सायकलवाले बिनधास्त भरतात. मात्र पाणी पिण्याजोगं नाही अशी पाटी नसल्याची खात्री करा.

सायकली पुण्याहून आणू नका. बोर्दो आणि तुलूजला भाड्याने मिळतात, काही ठिकाणी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करता येतात. ३८-४० मिलिमीटर टायरची हायब्रिड, मागे कॅरिअर, त्याला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या दोन पिशव्या (पॅनिअर), आणि घंटी हवीच. रस्त्याच्या तोंडाशी मोटारी अडवायला लावलेल्या फाटकांतून लादलेली सायकल तिरकी करून काढावी लागते, त्यामुळे सामान कमी. पुलाखाली रस्ता अरुंद होतो, पलीकडचं दिसत नाही आणि पाण्याच्या बाजूला कठडा नसतो. मुलीला झाडांच्या बाजूने ठेवा.

महिना मे-जून किंवा सप्टेंबर. वसंतात प्लेनच्या झाडांची लव उडते आणि डोळे चुरचुरतात, साधा गॉगल पुरतो. व्हिसासाठी मुक्कामाची बुकिंग लागेलच, तर ती रोजच्या चाळीस किलोमीटरच्या हिशोबाने करा, पन्नासच्या नको. तुलूजला पोचून एखादा दिवस उरला तर मिदीच्या त्या डांबरी पन्नास किलोमीटरपैकी जमेल तेवढं जा आणि परत या. झाडांच्या कमानीचा फोटो तिथेही मिळतो.