खिशात खाऊ नसला की शेरू ऐकत नाही

“दोन महिने क्लिकर, म्हणजे दाबला की ‘टक्’ वाजणारी छोटी डबी, वापरला. खाऊची पिशवी हातात असली की शेरू बस म्हटलं की बसतो, ये म्हटलं की येतो. पिशवी घरी राहिली की आमच्याकडे बघतसुद्धा नाही. आम्ही याला लाचखाऊ करून ठेवलंय का? एवढ्या मोठ्या कुत्र्याला शेवटी धाकच लागतो का?”

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका घरातून आलेला हा प्रश्न. शेरू लॅब्रॅडोर, वय अडीच वर्षं, वजन 36 किलो. घरात काका, काकू, कॉलेजला जाणारी मुलगी आणि आजी. प्रश्न जरी खाऊचा असला तरी दुखणं दुसरंच होतं. जॉगिंग ट्रॅककडे जाताना समोरून मांजर पळालं, शेरूनं हिसका दिला आणि काकू रस्त्यावर गुडघ्यांवर आपटल्या. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरलेला, त्यामुळे सोडतासुद्धा आला नाही. त्या रात्री काकांनी आतून काटे असलेला पट्टा मागवायचं ठरवलं आणि मुलीनं त्यांना कसंबसं थांबवलं.

मुलीनं थांबवलं ते फार चांगलं केलं. टोचणाऱ्या पट्ट्यानं कुत्रा त्या क्षणी थांबतो, हे खरं. पण मांजर दिसलं, गल्लीतला कुत्रा दिसला की मान दुखते, एवढंच तो शिकतो. काही आठवड्यांत तो त्या मांजरावर, त्या कुत्र्यावर आधीपेक्षा जास्त चिडून धावू शकतो. 36 किलोच्या चिडक्या कुत्र्यापेक्षा 36 किलोचा उतावळा कुत्रा केव्हाही परवडला.

आता मूळ शंका. मुलीनं मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ गती कमी करून पाहिला तेव्हा उत्तर त्यातच सापडलं. काका “बस” म्हणतात. म्हणता म्हणताच उजवा हात ट्रॅकपँटच्या खिशाकडे जातो. प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरते. शेरूचे कान उभे राहतात, नजर काकांच्या चेहऱ्यावरून खिशावर उतरते, मग तो बसतो. आणि त्यानंतर क्लिक होतो. म्हणजे शेरूच्या लेखी “बस” या शब्दाला काही अर्थच नव्हता. त्याचा हुकूम होता पिशवीची चुरचुर. ती ऐकू आली नाही, तर त्याच्या दृष्टीनं कुणी काही सांगितलेलंच नसायचं. याला हट्टीपणा म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

लाच आणि बक्षीस यांत फरक वेळेचा असतो. काम व्हायच्या आधी दाखवला तो खाऊ लाच, काम झाल्यावर कुठून तरी येतो तो खाऊ बक्षीस. तुकडा तोच, पनीर तेच. खाऊ हातात धरून कुत्र्याला बसवणं सुरुवातीला चालतं, पण तीन ते पाच वेळाच. त्यानंतर हात रिकामा, खूण तीच.

क्लिकरचं काम कुत्र्याची कृती आणि खाऊ यांच्या मधल्या फटीत आहे. आत पोलादाची पट्टी असलेली ही डबी दाबली की नेहमी एकसारखा, छोटा, कोरडा आवाज करते. आपला आवाज थकलेला असतो, रागावलेला असतो, लांबतो. डबीचा तसा नसतो. “आत्ता जे केलंस त्याचा खाऊ मिळणार” एवढंच ती सांगते, आणि तेही नेमक्या क्षणी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी 1940 च्या दशकातच अशी आवाजाची खूण प्राणी शिकवताना वापरली होती. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्यामुळे 1990 च्या दशकात ती कुत्री पाळणाऱ्यांपर्यंत पोचली. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून त्याला ओढता येत नाही. ज्याला ओढता येत नाही त्याला शिकवायची ही रीत मोठ्या कुत्र्याला चपखल बसते, कारण ताकदीच्या खेळात काकू शेरूपुढे हरणारच.

शेरूच्या घरी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पहिल्या दिवशी दिवाणखान्यात, पट्टा न लावता, फक्त क्लिक आणि लगेच तुकडा, असं पंधरा वेळा. शेरूनं काही करायची गरज नाही. मग तो खिडकीकडे बघत असताना एक क्लिक. मान झटक्यात वळली म्हणजे आवाजाचा अर्थ पोचला. मान वळली नाही तर संध्याकाळी आणखी पंधरा. एखादा कुत्रा आवाजाला दचकतो, तेव्हा डबी जाड मोज्यात गुंडाळायची.

दुसरी गोष्ट हातांची, आणि खरी सुधारणा तिथेच झाली. क्लिक होईपर्यंत दोन्ही हात पोटावर. क्लिक, मग मनात “एक”, मग हात हलवायचा. काकांना हे जमायला चार दिवस लागले. मुलगी समोर उभी राहून सांगायची, “बाबा, हात आधी गेला.” कुत्र्याशिवाय सराव केला तर लवकर जमतं: कुणीतरी चेंडू टाकायचा आणि तो जमिनीला टेकला त्याच क्षणी क्लिक करायचा.

तिसरी गोष्ट, “बस”च्या सरावात खाऊ अंगावर ठेवायचाच नाही. झाकणाची वाटी टीव्हीच्या कपाटावर. “बस”, शेरू बसतो, क्लिक, मग दोन पावलं चालत कपाटापर्यंत जाऊन तुकडा आणून द्यायचा. रिकाम्या हातांच्या माणसाचं ऐकलं तरी खाऊ येतो, ही समज अशीच तयार होते. क्लिक आणि तुकडा यांत सुरुवातीला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त अंतर नको. आवाजाचा अर्थ पक्का झाल्यावर पाच-सहा सेकंदही चालतात. आठव्या दिवशी वाटी स्वयंपाकघरात गेली, मग एक दारापाशी, एक गच्चीच्या जिन्यात.

मध्येच एक अडचण आली. आजींच्या खोलीत शेरू बसायचा, दिवाणखान्यात बसायला टाळाटाळ करायचा. कारण निघालं फरशी. गुळगुळीत टाइल्सवर जड कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, बसताना आणि उठताना कंबरेवर ताण येतो. आजींच्या खोलीत सतरंजी होती. रबरी तळाची चटई टाकली आणि टाळाटाळ संपली. (चटई टाकूनही मोठ्या जातीचा कुत्रा बसायला कुरकुरत असेल, तर शिकवणं थांबवून आधी पशुवैद्याकडून खुबे तपासून घ्या. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा दोष बराच आढळतो.)

कुत्रा मोठा असला तरी तुकडा मोठा लागत नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, न चावता गिळता येईल असा. बिस्किटं चावायला वेळ लागतो, चुरा सांडतो आणि तो शोधण्यात कुत्रा काय करत होता तेच विसरतो. या घरात मांसाहार नाही, म्हणून पनीर. 50 ग्रॅम पनीरचे शंभराच्या वर तुकडे होतात. शेरूच्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1600 कॅलरी लागतात आणि त्यांतला दहावा भाग खाऊसाठी ठेवता येतो. 50 ग्रॅम पनीर त्यात बसतं, मात्र तेवढं जेवण कमी करायचं. पनीरनं पोट बिघडलं तर उकडलेलं रताळं. मांसाहार चालत असेल तर नुसतं पाण्यात उकडलेलं चिकन, 100 ग्रॅमपर्यंत.

आणि द्राक्षं अजिबात नाहीत. काका हंगामात कौतुकानं शेरूला द्राक्षं भरवायचे. नाशिकच्या घरात द्राक्षांचा करंडा असणारच, म्हणून हे ठासून सांगावंसं वाटतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नाही. एखाद्याला थोड्यानंही होतो. खाल्लीच असतील तर उलटीची वाट न बघता लगेच पशुवैद्याला फोन करा. कांदा, लसूण, चॉकलेट हेही नको. म्हणजे चिवडा आणि मिसळीतलं फरसाणही नको.

आता ज्यामुळे काकू पडल्या ते ओढणं. कुत्रा ओढतो कारण ओढल्यावर खांबापर्यंत पोचता येतं. रोज चाळीस वेळा ओढून वास मिळाला, तर रोज चाळीस बक्षिसं आपणच दिली. मापाप्रमाणे वाढणारा गुंडाळीचा पट्टा तर सतत ताणलेलाच असतो, त्यावर ढिलाई शिकवता येत नाही. शेरूला छातीवर कडी असलेला हार्नेस आणि सहा फुटांचा साधा पट्टा लावला. छातीवरून ओढला की कुत्रा पुढे जाण्याऐवजी बाजूला वळतो, त्यामुळे काकूंनाही तो पेलता आला. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. एका हाताच्या मुठीत टोक, दुसऱ्या हातात मधला भाग.

पहिला आठवडा घरातच. शेरू डाव्या पायाशी आला की क्लिक, आणि तुकडा पँटच्या बाजूच्या शिवणीपाशीच द्यायचा. ही जागा फार महत्त्वाची. समोर हात लांब करून दिला तर कुत्रा पुढे येऊन आडवा उभा राहायला शिकतो. आधी एका पावलाला एक क्लिक, मग दोन, मग तीन. त्यानंतर अनियमित: एक, चार, दोन, सहा. पंधरा तुकडे मोजून घ्यायचे, संपले की सराव संपला. दोन-तीन मिनिटं होतात, तेवढी पुरे. दिवसात असे तीन-चार सराव, जेवणाआधी. दहातल्या आठ वेळा जमलं तर पुढची पायरी, पाच किंवा कमी वेळा जमलं तर एक पायरी मागे.

दुसऱ्या आठवड्यात पार्किंग, तिसऱ्यात सकाळी सहाला रिकामी गल्ली. पट्टा ताणला गेला की खांबासारखं जागीच उभं राहायचं. मागे खेचायचं नाही, ओरडायचं नाही. पट्टा ढिला पडला की क्लिक, तुकडा आणि चालू. पहिल्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यापर्यंतच्या साठ पावलांना बावीस मिनिटं लागली. काकू वैतागल्या होत्या, आणि ते स्वाभाविक होतं. चौथ्या दिवशी नऊ मिनिटं. जवळपास याच वेळी दुसरं बक्षीस जोडलं. दहा पावलं ढिल्या पट्ट्यानं चालला की “जा, हुंग” म्हणून त्याला हव्या त्या खांबाकडे न्यायचं. खिशातला खाऊ कमी करायचा तो असा, शेरूला हवी असलेली दुसरी गोष्ट त्याच्या जागी आणून.

इथे बहुतेक घरांत एक चूक होते, आणि शेरूच्या घरी ती आधीच झालेली होती. कुत्रा शिकलासा वाटला की एका दिवसात खाऊ बंद. मग आधी तो जोरात करून बघतो, भुंकतो, उडी मारतो, आणि नंतर सोडून देतो. लोक म्हणतात क्लिकर फसला. कमी करायचा तो क्लिक, क्लिकनंतरचा तुकडा कधीच नाही. चुकून अंगठा दाबला गेला तरी तुकडा द्यायचाच, नाहीतर त्या आवाजावरचा विश्वास उडतो. क्लिकर हाक मारायला वापरायचा नाही आणि भुंकणं थांबवायलाही नाही. भुंकताना क्लिक केला, तर बक्षीस भुंकण्याला मिळालं. घरातल्या चौघांचे शब्दही एक केले: आजी “खाली बस” म्हणायच्या, काका “सिट”, मुलगी “बस”. आता सगळ्यांचं “बस”.

उन्हाळ्यात सराव पहाटे किंवा सूर्य मावळून रस्ता निवल्यावर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता आली नाही, तर शेरूचे पंजेही तिथे नकोत.

सहा आठवड्यांनी काकू शेरूला एकट्या जॉगिंग ट्रॅकपर्यंत नेऊ लागल्या. खिशात पंधराच तुकडे असतात आणि बरेचदा चार-पाच परत येतात. मांजराचा हिसका अजून पूर्ण गेलेला नाही, पण आता हिसक्याआधी शेरू क्षणभर काकूंकडे बघतो आणि त्या क्षणावर क्लिक पडतो.

राहिली आहे ती घंटागाडी. सकाळी गाडीचा आवाज आला की शेरू अजूनही उसळतो. सुरुवातीला गाडी चाळीस फुटांवर असतानाच त्याला तुकडा घेणंसुद्धा जमत नव्हतं. तुकडा नाकारणं म्हणजे अंतर फार कमी आहे, मागे व्हा. म्हणून मुलगी त्याला फाटकाच्या आत, जिन्यापाशी घेऊन उभी राहते. गाडीकडे बघितलं की क्लिक, तुकडा, गाडी पुढे गेली की बंद. या आठवड्यात ते जिन्यावरून पार्किंगच्या दुसऱ्या खांबापर्यंत आले आहेत. फाटक अजून तीन खांब लांब आहे.