लोखंड तापले की चुंबकत्व जाते, मग सूर्यात ते कसे?

प्रश्न : लोखंडी चुंबक 770 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचे चुंबकत्व जाते. सूर्याच्या पोटात लाखो अंश तापमान असते. मग तिथे चुंबकीय क्षेत्र असते कसे आणि ते वर येते कसे?

उत्तर : 770 अंशांची मर्यादा घन लोखंडाची. सूर्यात चुंबक नाहीच, विजेचे प्रवाह आहेत. तिथला वायू म्हणजे प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू), उत्तम विद्युतवाहक. त्यामुळे बलरेषा वायूला जखडलेल्या असतात. वायू जाईल तिकडे त्या फरफटत जातात.

सूर्याचा बाहेरचा सुमारे दोन लाख किलोमीटरचा थर आधणासारखा उकळत असतो. विषुववृत्ताजवळ तो सुमारे 25 दिवसांत फिरतो, ध्रुवांजवळ 35च्या आसपास. साहजिकच दक्षिणोत्तर बलरेषा रिळावरच्या दोऱ्यासारख्या सूर्याभोवती गुंडाळल्या जातात आणि क्षेत्र तीव्र होत जाते.

अशा रेषांच्या जुडीत वायूच्या दाबाला चुंबकीय दाबाची जोड मिळते. बाहेरच्या दाबाला तोलायला आत कमी वायू पुरतो, म्हणून जुडी हलकी होऊन वर येते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी हे 1955मध्ये दाखवले. थराच्या तळाशी क्षेत्र एक लाख गॉस धरले (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक; पृथ्वीचे जेमतेम अर्धा गॉस!) तरी घनतेतला फरक साधारण एक लाखांश. एवढ्यावर भागते. क्षेत्र याहून बरेच दुबळे असेल, तर कोरिओलिस बल (सूर्याच्या फिरण्यामुळे जाणवणारे) जुडीला ध्रुवांकडे ढकलते. अशा जुड्या वर येतात तिथे दिसणारे सूर्यावरचे काळे डाग मात्र विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, साधारण 35 अंशांच्या आतच दिसतात. लाख गॉसचा अंदाज आला तो इथून. चित्रांतली गुळगुळीत नळी मात्र फसवी आहे. जुडीला पीळ नसेल तर वाटेतच भोवरे तिच्या चिंध्या करतात.

प्रश्न : वर आल्यावर पुढे काय?

उत्तर : जुडी पृष्ठभाग भेदते तिथे विरुद्ध ध्रुवांच्या डागांची तिरकी जोडी दिसते, क्षेत्र सुमारे 3000 गॉस. डाग विरले की जोडीतल्या मागच्या डागाच्या क्षेत्राचे अवशेष सेकंदाला 10 ते 20 मीटर वेगाच्या वायूच्या प्रवाहाबरोबर ध्रुवाकडे जातात. विषुववृत्तापासून ध्रुव 11 लाख किलोमीटर, म्हणजे दोन-तीन वर्षांची वाट. तिथले जुने क्षेत्र ते पुसतात, मग उलटे करतात. हे दर 11 वर्षांनी. ध्रुवीय क्षेत्र दुबळे तर डाग वाढण्या-घटण्याचे पुढचे 11 वर्षांचे चक्रही दुबळे. याच आधारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अर्णब राय चौधुरी आणि सहकाऱ्यांनी 2007मध्ये 24वे चक्र कमजोर असेल असे सांगितले, तसेच झाले. क्षेत्र उकळत्या थराच्या तळाशीच जन्मते यावर मात्र एकमत नाही. 2024च्या एका संशोधनाने ते बाहेरच्या 5 ते 10 टक्के थरातच तयार होत असावे, असे मांडले आहे.