शस्त्रक्रियेनंतरची कॉफी

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कॉफी कायमची सुटली, असे आपण समजू नये. मात्र सुरुवातीचे काही आठवडे कॅफिन टाळावे आणि ते पुन्हा कधी सुरू करायचे, हे आपल्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. खरा धोका कॉफीपेक्षा तिच्यातील साखरेचा असतो. फर्ग्युसन रस्त्यावरील एका दुकानात मी हौसेने आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी घेतली आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड व पोटात मुरडा सुरू झाला. जठराच्या बायपासनंतर (वजन घटवण्याची एक शस्त्रक्रिया) साखर लहान आतड्यात झपाट्याने उतरते, त्यालाच डंपिंग म्हणतात. तेव्हापासून मी सर्वांत लहान कप, साय काढलेले दूध आणि सिरपविना, असे स्पष्ट सांगतो. (वेटरच्या चेहऱ्याकडे पाहू नये.) दूध सोसत नसल्यास सोया दूध मागावे. स्ट्रॉने हवा पोटात जाते, म्हणून घोट घोट प्यावे, आणि जेवणानंतर किमान ३० मिनिटे थांबावे. कॉफीमुळे लोहाचे शोषण घटते, त्यामुळे लोहाची गोळी घेतल्यावर निदान दोन तास कॉफी नको. घरून प्रथिनांची भुकटी नेऊन कोमट कॉफीत ढवळावी. उकळत्या कॉफीत तिच्या गुठळ्या होतात.