ड्रॅक्युलाच्या मालिकेची नोंद करताना

बाळा, काल ‘अ‍ॅनो ड्रॅक्युला’च्या ग्रंथालय-कार्डावर तू ९४१ लिहिलंस, म्हणजे ब्रिटनचा इतिहास. १८८८चं लंडन, व्हिक्टोरिया राणी दिसली की हात तिकडे जातोच. पण इथे राणीचं लग्न ड्रॅक्युलाशी लागलंय! ही कादंबरी आहे, ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत) ८२३.९१४, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली इंग्रजी कादंबरी. किम न्यूमन यांचा पहिला भाग १९९२चा, चौथा ‘जॉनी अल्युकार्ड’ २०१३चा, तरी आकडा बदलू नकोस. काळ लेखकाचा धरतात, पुस्तकाचा नाही. त्यामुळे मालिका एका फळीवर राहते.

खरी मेख तिसऱ्या भागात. इंग्लंडात ‘ड्रॅक्युला चा चा चा’, अमेरिकेत ‘जजमेंट ऑफ टिअर्स’, पुस्तक एकच. मी एकदा दोन वेगळ्या नोंदी केल्या होत्या. वाचकाने तेच पुस्तक पुन्हा घरी नेलं. फार वाईट वाटलं. एक शीर्षक प्रमाण धर, दुसऱ्यावरून ‘पाहा’ नोंद दे, म्हणजे वाचकाला प्रमाण शीर्षकाकडे पाठवणारं कार्ड. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बडोद्यात आणलं, ते वाचकाला हवं ते पुस्तक हाती पडावं म्हणूनच ना?

विषयनोंदीत ‘पर्यायी इतिहास’ आणि ‘व्हॅम्पायर’ दोन्ही हवेत. स्थळ मात्र भागागणिक बघ: तिसरा १९५९च्या रोममध्ये घडतो. आणि भागाचा क्रमांक आधी पेन्सिलीनेच लिही.