मेलेल्या रोपांची वही

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी 34 वर्षांची, राज्यशास्त्राची पदवीधर. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे सैन्याला रसद पोचवणाऱ्या विभागात, 10 वर्षं अधिकारी होती, मेजर असताना मुदत संपली आणि गेल्या वर्षी साताऱ्याला घरी परतली. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक. तिला आता कोणत्या परीक्षेला बसवावं, एवढाच तुमचा प्रश्न आहे. पत्राचा बाकी सगळा भाग तक्रारीचा आहे, आणि मला आधी त्याबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही लिहिता: ‘पहाटे उठून टेकडीवर जाते, कुठल्याशा ग्रुपबरोबर रोपांना पाणी घालते, दुपारी येऊन झोपते. एवढं नाव कमावलं आणि आता माळीकाम. लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं?’

लोकांना काय सांगायचं, ही अडचण तुमची आहे. तिच्या करिअरच्या प्रश्नात ती मिसळू नका. पाहुणे आले की तुम्ही ‘या आमच्या मेजरसाहेब’ म्हणून ओळख करून देता आणि ती उठून आत जाते, याचं तुम्हाला वाईट वाटतं. मला तिचं उठून जाणं अगदी समजतं. चेन्नईच्या अकादमीत तिच्या खांद्यावर तारे लावण्याचा मान तुम्हाला मिळाला, त्याचा अभिमान असणारच. पण ती वर्दी तिने उतरवली आहे आणि तुम्ही ती रोज नव्याने तिच्या अंगावर चढवताय.

फौजेत पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या मेसपर्यंत दिवस दुसऱ्या कुणीतरी आखलेला असतो. हाताखालची माणसं, त्यांच्या रजा, त्यांच्या घरची दुखणी, सगळं तुमच्या टेबलावर येतं. मग एका ठरलेल्या तारखेला हे सगळं संपतं. पुरुष परत येतो तेव्हा निदान गावात त्याची जागा तयार असते. तुमच्या जिल्ह्यात तर अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत; पारावर चार माजी सैनिक भेटतात, त्याच भाषेत बोलतात. बाई परतली की तिला कोण भेटतं? आत्या भेटते, आणि विचारते, आता लग्नाचं काय? तुमच्या पत्रातही हा विषय शेवटच्या परिच्छेदात हळूच आलाच आहे. त्यावर मी सल्ला देत नाही, पण नोकरी आणि स्थळ एकाच श्वासात काढू नका, एवढं सांगते.

‘फौजेत राहिली असती तर पेन्शन तरी मिळाली असती,’ असंही तुम्ही म्हणता. 1992 पासून सैन्याच्या बिगरवैद्यकीय शाखांत मुली अधिकारी म्हणून घेतल्या जाऊ लागल्या त्या शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मुदतीवर, आणि अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण 20 वर्षं सेवा लागते. कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याचा, रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2020 च्या निकालाने खऱ्या अर्थाने मोकळा झाला. तिला तो मिळाला नाही की तिने मागितला नाही, हे तुमच्या पत्रात नाही. तुम्ही विचारलंय का तिला?

आता परीक्षा. तुम्ही तिच्यासाठी ‘फॉरेस्ट सर्व्हिस’च्या क्लासची फी भरून टाकली आहे, तिला न सांगता. माजी अधिकाऱ्यांना वयात 5 वर्षांची सवलत असते, हे तुमचं म्हणणं खरं. पण भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, गणित अशा ठरावीक विषयांपैकी एक घेऊन पदवी लागते, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची. राज्यशास्त्रावर अर्जच भरता येत नाही. क्लासवाल्यांनी पदवी कुठली ते विचारलं नसेल तर फी परत मागा, आणि मागताना आवाज चढला तरी चालेल. बँका, एमबीए, कंपन्यांमधल्या सुरक्षा विभागाच्या नोकऱ्या हे रस्ते आहेतच. ते कुठे पळून जात नाहीत.

खरी गल्लत पुढे आहे. तुमच्या डोक्यात निसर्गाचं काम म्हणजे झाडं लावणं, आणि झाडं लावणं म्हणजे माळीकाम. तुम्ही साताऱ्याचे, म्हणून कास पठाराचंच घेते. तिथला सडा म्हणजे जांभा दगड, वर बोटभर माती. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात दगड तापतो. तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू फुलतात, ते वर सावली नाही आणि माती जेमतेम आहे म्हणूनच. उद्या एखाद्या उत्साही मंडळाने तिथे खड्डे घेऊन वडपिंपळ लावले, तर 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे पठार त्यांच्याच हातून बिघडेल. माळरानाचंही तेच. माळढोकाला उघडं गवत लागतं, जंगल नाही. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवं दिसावं म्हणून एकेकाळी ग्लिरिसिडिया हा परदेशी वृक्ष लावला गेला, आता तो काढायचा कसा यावर चर्चा चालते. कुठे लावायचं नाही, कुठे नुसती चराई आणि वणवा थांबवला की पुरे, कुठे आधी माती अडवायची, हे ठरवणं म्हणजे संवर्धन. त्यात खुरपं हा सगळ्यात सोपा भाग.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार आवडलं, तुम्ही चेष्टेने लिहिलंय तरी. ‘प्रत्येक रोपाला पत्र्याचा नंबर लावलाय आणि वहीत कुठलं मेलं, का मेलं, ते लिहून ठेवते.’ साहेब, आपल्याकडे वृक्षारोपणात किती लावली त्याचे फलक लागतात. किती मेली ते कुणी लिहीत नाही. वाळवीने मेलं, शेळीने खाल्लं, की टँकर चार दिवस उशिरा आला, हे माहीत असल्याशिवाय पुढच्या वर्षीचा खड्डा वाया जातो. तुमची मुलगी लेहला होती, असं तुम्ही लिहिलंय. खिंडी बर्फाने बंद होण्याआधी अख्ख्या हिवाळ्याचं राशन, रॉकेल, डिझेल वर चढवणं हे तिच्या कोअरचं काम. ज्या बाईने ते केलंय तिला उन्हाळ्यात टेकडीवर पाणी कसं पोचवायचं हे शिकवावं लागणार नाही. संस्थांकडे फुलांची नावं सांगणारे पुष्कळ असतात. माणसं, गाड्या आणि तारखा सांभाळणारं कुणी मिळत नाही.

तिला जे शिकावं लागेल ते शास्त्र. पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी ही प्रकाश गोळे यांनी उभी केलेली संस्था आहे. निसर्ग पुनरुज्जीवनाच्या अभ्यासक्रमासाठी ती ओळखली जाते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) पक्षी आणि वनस्पतींवरचे छोटे अभ्यासक्रम आहेत. तिथून सुरुवात करावी.

दुसरा रस्ता तुम्हाला कदाचित जास्त आवडेल, कारण त्यात वर्दी आहे. मसुरीच्या डोंगरात चुनखडीच्या खाणींनी उतार सोलून काढले होते. तिथे 1982 मध्ये टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे सैन्याच्या जोडीला असलेल्या राखीव दलाची, 127 वी इको बटालियन झाडं लावायला उभी राहिली, गढवालच्याच माजी सैनिकांची. घरच्या डोंगराची माहिती आणि फौजेची शिस्त एकत्र आली तर उजाड उतारही धरता येतात, असा तो हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. मराठवाड्यासाठी 136 वी, महार रेजिमेंटशी जोडलेली बटालियन छत्रपती संभाजीनगरला आहे. हे सगळं उभं करताना माजी सैनिक म्हणजे पुरुष, असंच धरलं होतं. 2019 पासून मात्र टेरिटोरियल आर्मीत महिला अधिकारी घेतल्या जातात आणि या इको बटालियनांमध्येही (इको टास्क फोर्स) त्यांना नेमलं जातं. सेवेतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांना अर्ज करता येतो, वयाची मर्यादा 42 आहे. जागा थोड्या, जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. आणि तिला पुन्हा वर्दी नको असेल, तर तिथे विषय संपवा.

पैशाची तुमची काळजी मात्र रास्त आहे. मेजरचा पगार संवर्धनातली कुठलीही संस्था सुरुवातीला देणार नाही, आणि प्रकल्पाचा निधी संपला की पुष्कळदा नोकरीही संपते. तिने ग्रॅच्युइटीतून दोन वर्षांचा खर्च बाजूला काढावा आणि तेवढ्यात हे काम पोटाला पुरतं का ते बघावं. दोन वर्षांनी जमलं नाही तर कंपनीची नोकरी करून शनिवार-रविवार टेकडीवर जाणं यातही कमीपणा नाही.

आता ती दुपारची झोप. रात्री ती झोपते का? दुसऱ्या महायुद्धातून परतलेला अर्ल शेफर हा अमेरिकन सैनिक 1948 मध्ये फौज अंगातून काढून टाकायला म्हणून अपॅलेचियन ट्रेल ही 3,000 किलोमीटरहून लांब वाट एका दमात चालून गेला. चालण्याने, मातीत हात घालण्याने मन हलकं होतं, यात शंका नाही. पण टेकडी म्हणजे डॉक्टर नव्हे. रात्र रात्र जाग, दचकणं, जेवण तुटणं असं काही दिसत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, आणि सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला आहे. हे तिला एकटीला गाठून सांगा, पाहुण्यांसमोर नको.

यापुढचं पत्र तिचं येऊ दे, तिला वाटलं तरच. दरम्यान एक काम करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची नोंद आणि ओळखपत्र झालंय का, ते विचारा. नसेल तर तिच्याबरोबर जा. खिडकीवरचा माणूस बहुधा तुमच्याकडे बघूनच कागद मागेल, आणि तिला विचारेल, मिस्टर कुठल्या युनिटला होते? तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. तिला देऊ द्या.